वीस लिटर

लायसन्स मी सगळ्यात शेवटी बघते.
आधी चपला बघते.
डावा तळवा पुढून झिजलेला असला
तर हा माणूस क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकतो.
मग त्याला अंगणात ट्रकपाशी नेते, बोलत काही नाही.
जो थेट केबिनमध्ये चढतो
त्याला चहा पाजून वाटेला लावते.
जो वाकून टायरला हात लावतो
त्याचं नाव विचारते.

नवरा गेला तेव्हा मागे दोन ट्रक होते
आणि दर सोमवारी येणारा बँकेचा माणूस.
ड्रायव्हर सात झाले. एकाने गाडी
माकांबाकोला उभी केली ती केलीच.
टाकी कोरडी, बॅटऱ्या गायब,
आणि किल्ली सीटवर, नीट, रुमालात गुंडाळून ठेवलेली.
बॅटऱ्यांचं दुःख विसरले.
त्या रुमालाचा राग अजून येतो.

आठवा आम्बाकिस्ये.
म्बेयाच्या डोंगरावरून धुकं उतरायचं होतं अजून.
सगळे टायर चाचपून झाल्यावर म्हणाला,
"मागचा आतला डावा गेलाय, बाई.
किटोंगाचा घाट नाही उतरायचा हा."
नवा आहे, मी म्हटलं.
"नवा म्हणून विकलाय," तो म्हणाला.

चार वर्षं त्याने माझं तांबं वाहिलं,
किटवेहून दारपर्यंत.
टुंडुमाच्या नाक्यावर रांग कधी पाच दिवस, कधी नऊ;
ट्रकच्या सावलीत स्टोव्ह, उगाली, चवळी,
आणि संध्याकाळी फोन:
"आज अकरा गाड्या पुढे सरकलो."
एवढंच. पण रोज.
नवऱ्यानेही मला एवढा हिशेब कधी दिला नव्हता.

मग एका रात्री परत आला,
मी टाकीत काठी बुडवायच्या आत म्हणाला,
"वीस लिटर कमी आहे. मी विकलं.
पोरीची फी होती."
मी तोंड उघडलं. मला खूप काही येत होतं:
इमान, मीठ, भरवसा, पोलीस.
तो म्हणाला, "आज एकोणीस तारीख."
बाकी काही म्हणाला नाही.

पगार एक तारखेचा होता.
रात्रभर स्वयंपाकघरात बसून
माझे अठरा दिवस
मी त्याच्या वीस लिटरशेजारी ठेवून बघितले.
कुठलं मोठं, ते काही ठरेना.
सकाळी नवऱ्याची मोटरसायकल विकली.
वीस लिटर कापून घेतले, हो, घेतलेच,
आणि उरलेले पैसे त्याच्या हातावर मोजले.
त्यानेही मोजून घेतले.
ते बरं वाटलं मला.

तेव्हापासून एक तारीख म्हणजे एक तारीख.
तिसरा ट्रक आला, लुसाजो आला, ग्वाकिसा आला,
लुसाजो पितो, पण घरी.

आता आम्बाकिस्ये चाललाय.
दारच्या मोठ्या कंपनीत, गार हवेची केबिन,
झोपायला गादी. महिनाभर आधी सांगितलं त्याने.
तेवढा पगार मी देऊ शकत नाही
आणि थांब म्हणायला तो माझा कोणी लागत नाही,
हे मला मोठ्याने बोलून बघावं लागलं.

जाताना भाच्याला घेऊन आला.
पोराला मी ट्रकपाशी नेलं, बोलले काही नाही.
पोरगं थेट केबिनमध्ये चढलं.
आम्बाकिस्ये जमिनीकडे बघायला लागला.
मी चहाला आधण ठेवलं.

वरून आवाज आला,
"ब्रेकची हवा टिकत नाहीये, काटा खाली येतोय.
टायर ठीक आहेत, ते येतानाच बघितले मी."

दोन कप पुढे केले.
पगार एक तारखेला, म्हटलं.
मग सवयीने खाली बघितलं.
पायात त्याच्या मामाचेच बूट होते,
त्यावरून काय ओळखायचं.